सासानचा सासरा

“मेंढपाळ! एवढ्या मोठ्या दुनियेत माझ्या मुलीला सापडला कोण, तर मेंढपाळ!”

बाबांनी चहाची बशी टेबलावर अशी आदळली की ती उभी चिरली. मला दिनयारशी लग्न करायचंय, हे मी नुकतंच सांगितलं होतं. एका दमात सांगितलं होतं, कारण दोन दमांत सांगायची माझी छाती नव्हती.

“आता कुठे मेंढपाळ आहे तो?” मी म्हटलं. “आपली सगळी वाडी बघतो. या हंगामात एक करंडी चिकू वाया गेला नाही, असं तुम्हीच सावे गुरुजींना सांगत होतात.”

“आणि बकऱ्या? वाडीत बकऱ्या कुणी आणल्या? माझी नवी कलमं कुणाच्या पोटात गेली?”

खाल्ली होती खरी. दिनयारला हौस आली, त्यानं बाजारातून बकऱ्या आणल्या, आणि बाबांनी पोटच्या पोरासारखी जपलेली चिकूची कलमं त्यांनी एका दुपारी साफ केली.

“विकल्या ना त्यानं बकऱ्या.”

“विकल्या, पण जीव त्यांच्यातच आहे अजून! गोहर, आपण कोण आहोत? सांग बघू. आपण कोण आहोत?”

“सासानी,” मी पुटपुटले.

हे उत्तर मला पाळण्यात असल्यापासून पाठ होतं.

आम्ही घोलवडचे इराणी, पारशांच्याच धर्माचे. बाबा अगदी पोरसवदा असताना इराणातल्या यझदकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आले, मुंबईत बेकरीच्या भट्टीसमोर उभे राहिले, पै पै साठवून इथे समुद्राजवळ जमीन घेतली आणि चिकू लावले. नाव खोदामुराद बेहमर्द, पण गाव त्यांना खोदामुरादशेठ म्हणायचं. घरात आमची दरी नावाची इराणी बोली चालायची. पण मी शिकले गावच्या मराठी शाळेत, शेजारपाजार सगळा मराठी, त्यामुळे हसणं, रडणं आणि भांडणं मला आजही मराठीतच जमतं. तेव्हा ही गोष्टही मराठीतच सांगते.

बाबांचा एकच अभिमान होता. आपण इराणच्या सासानी शहेनशहांच्या रक्ताचे! संध्याकाळी ओटीवर बसले की अर्देशीर सुरू. अर्देशीरनं पार्थियन राजाला रणात कसा लोळवला, शहेनशहा कसा झाला, आणि त्याच्या घराण्यानं चारशे वर्षं कसं राज्य केलं. छत्री हातात घेऊन तलवारीचे वार दाखवायचे. कुंपणापलीकडचे सावे गुरुजी कधी चिडवायला विचारायचे, “शेठ, तुम्ही त्यांचेच वंशज, याला पुरावा काय?” बाबा आपल्या नाकाकडे बोट दाखवायचे. नाक होतंही तसलंच. गुरुजी म्हणायचे, “मग प्रश्नच मिटला.”

आणि दिनयार? तो यझदजवळच्या शरीफाबादहून आलेला. तिकडे डोंगरात मेंढरं राखायचा. उंच, रुंद पंजांचा, बोलायला कंजूष आणि खोटं बोलायला त्याहून कंजूष. मला तो का आवडला, ते सांगते. एकदा मी खीर केली होती आणि साखरेऐवजी मीठ घातलं होतं. मला पत्ताच नाही. त्याला वाटीभर दिली आणि विचारलं, “कशी झालीय?” म्हणाला, “खारट.” आख्खी वाटी संपवली. आणखी मागितली. तीही संपवली आणि म्हणाला, “ही पण खारट.” त्याच दिवशी मी ठरवलं, की करीन तर याच्याशीच.

पण बाबांनी मुंबईच्या एका हॉटेलवाल्या इराण्याच्या मुलाला येत्या रविवारी जेवायला बोलावलं होतं. मोठं घर, मोठं नाव, मुलगा गोरापान. जेवण झालं की होकार द्यायचा, असं बाबांच्या मनात पक्कं होतं. म्हणजे माझ्या हातात उरला होता फक्त तो आठवडा.

मी रडत स्वयंपाकघरात गेले. मम्मा मेथी निवडत बसली होती. तिनं एक जुडी माझ्यापुढे सरकवली. आमच्या घरात रडायचं झालं तरी हात रिकामे ठेवून रडायची पद्धत नव्हती.

“तुझे बाबा गोष्ट नेहमी मधूनच सुरू करतात,” ती म्हणाली.

“कुठली गोष्ट?”

“अर्देशीरची. एवढा मोठा शहेनशहा, मग घराण्याला त्याचं नाव का नाही? सासानी का म्हणतात? कोण होता हा सासान, विचारलंस कधी?”

“कोण होता?”

“मेंढपाळ,” मम्मा म्हणाली आणि मेथीची पानं खुडत राहिली.

माझं रडं जागच्या जागी थांबलं.

मग तिनं मला सगळं सांगितलं, तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं तसं. पार्स प्रांतात पापक नावाचा एक राजा होता. त्याची गुरंमेंढरं राखायला सासान नावाचा एक माणूस होता. एका रात्री पापकला स्वप्न पडलं, की सासानच्या डोक्यातून सूर्य उगवलाय आणि साऱ्या जगावर उजेड पडलाय. दुसऱ्या रात्री दिसलं, की सासान सजवलेल्या पांढऱ्या हत्तीवर बसलाय आणि लोक त्याला मुजरे करतायत. तिसऱ्या रात्री तिन्ही पवित्र अग्नी सासानच्या घरात पेटलेले. पापकनं जाणत्यांना विचारलं. ते म्हणाले, हा तरी राजा होईल, नाहीतर याचा मुलगा. पापकनं सासानला बोलावून घेतलं, न्हाऊमाखू घातलं, राजाचे कपडे दिले आणि आपली मुलगी दिली. त्यांचा मुलगा अर्देशीर. आणि घराण्याला नाव पडलं ते या जावयाचं.

इतिहासवाले वेगळं सांगतात, हे मला पुढे कळलं. सासान म्हणजे अग्निमंदिराचा पुजारी आणि पापक त्याचाच मुलगा, असंही म्हणतात. पण आमच्या लोकांच्या तोंडी होती ती मेंढपाळाचीच गोष्ट, आणि त्या दिवशी मला दुसरी नकोच होती.

“मम्मा!” मी उठून तिच्या गळ्यातच पडले. “हे तू मला आत्ता सांगतेस?”

“आत्ताच उपयोगाचं होतं,” ती म्हणाली. “आणि मेथी सांडू नकोस.”

मी तशीच ओटीवर धावले. बाबा चष्मा लावून सुरीला धार करत बसले होते.

“बाबा, सासान कोण होता?”

सुरी थांबली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. कुणी फितुरी केली ते त्यांना बरोबर कळलं.

“मेंढपाळ होता ना?” मी म्हटलं. “मग? पापक राजाला चालतो आणि तुम्हाला चालत नाही?”

“अर्धवट ऐकून आलीस!” बाबा कडाडले. “सासान वरून मेंढपाळ, आतून राजपुत्र! दारा बादशहाच्या वंशातला! सिकंदरानं राज्य बुडवलं, तेव्हा त्याचे वाडवडील जीव वाचवायला मेंढरांत लपून राहिले. पापकनं त्याला अभय देऊन घराणं विचारलं, त्यानं गुपित सांगितलं, आणि मगच मुलगी दिली. आहे तुझ्या दिनयारचं काही गुपित? बकऱ्यांच्या आधी काय होतं त्याच्याकडे? मेंढ्या!”

झालं! मी उभी होते तशी परत फिरले. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी आमच्या इराण्यांची जात, आणि बाबा तर त्यातले शहेनशहा.

त्यानंतर मी बाबांशी बोलणं सोडलं. बाबांनी माझ्याशी सोडलं. जेवताना ते मम्माला म्हणायचे, “तिला म्हणावं, भाजी घे.” मी मम्माला म्हणायचे, “त्यांना म्हणावं, भूक नाही.” मम्मा म्हणायची, “मी काय टपालखातं आहे?” पण रोज सकाळी माझ्या खिडकीत झाडावर पिकलेला एक चिकू ठेवलेला असायचा. बाजाराला जाणारे चिकू कच्चेच उतरवतात. झाडावर पिकलेला पाखरांच्या आधी गाठायचा, तर पहाटे उठून वाडीभर हिंडावं लागतं. तो कोण ठेवतं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी तो गुपचूप खायचे. राग वेगळा आणि चिकू वेगळा.

दिनयारला मी वाडीच्या विहिरीपाशी गाठलं आणि म्हटलं, “आपण पळून जाऊ.”

“नाही,” तो म्हणाला.

“का? घाबरतोस?”

“घाबरत नाही. त्यांना कोण आहे दुसरं?”

एवढंच बोलून त्यानं बादली उचलली. मला इतका संताप आला म्हणून सांगू! आणि इतकं प्रेमही वाटलं, की त्या रागाचं पुढे काय करायचं तेच कळेना.

शनिवार उजाडला. सकाळी बाबा टेबलाशी आले ते लग्नकार्याला घालायचा काळा कोट घालून, डोक्यावर टोपी. चेहरा गंभीर. चहाला हात लावला नाही.

“मला स्वप्न पडलं,” त्यांनी जाहीर केलं.

“केव्हा?” मम्मा म्हणाली. “रात्रभर तर कूस बदलत होतात. मला झोपू दिलं नाहीत.”

“पहाटे पडलं. पहाटेची स्वप्नं खरी होतात, सगळं घोलवड सांगतं.”

“काय दिसलं?”

बाबांनी घसा खाकरला. “दिनयार. हत्तीवर बसला होता. पांढऱ्या.”

“हत्ती? घोलवडात?”

“स्वप्नात, सरवर! स्वप्नात!”

मम्मानं ओठ घट्ट मिटून घेतले. मी चुलीशी होते. दूध उतू जाऊन विस्तवावर सांडलं तरी माझं लक्ष नाही. माझे बाबा, खोदामुरादशेठ, ताकाला आले होते आणि भांडं लपवत होते!

“त्याला बोलवा,” बाबा म्हणाले. म्हणाले मम्माला, पण धावले मी.

दिनयार चिखलाच्या हातांनी आला आणि दारात उभा राहिला. बाबांनी पाठ ताठ केली.

“भिऊ नकोस. तुला अभय आहे.”

“मी काय केलं, अरबाब?” दिनयार म्हणाला. अरबाब म्हणजे मालक. तो बाबांना तसंच म्हणायचा.

“काही नाही केलंस. मला फक्त सांग, तुझा बाप कोण होता?”

“मेंढपाळ.”

“त्याचा बाप?”

“मेंढपाळ.”

“हं. आणि त्याच्या आधी? घाई नाही. नीट आठव. तुमच्या घरात म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कधी काही सांगितलंय का? दडवून ठेवलेलं? एखादा राजपुत्र... सरदार... बरं, निदान एखादा वजीर?”

बाबांच्या पाठीमागे मम्मा दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर मुकुट घालून दाखवत होती. मी बाजूला उभी राहून ओठांनीच सांगत होते, हो म्हण, अरे हो म्हण! एक ‘हो’ म्हटलं असतं की काम फत्ते. उद्याच्या पाहुण्यांना वाटेला लावायला बाबांना तेवढंच हवं होतं. बाबांचे डोळे तर अक्षरशः याचना करत होते.

दिनयारनं माझ्याकडे पाहिलं. मम्माच्या मुकुटाकडे पाहिलं. बराच वेळ विचार केला, मनापासून केला.

“त्याच्या आधीचं ठाऊक नाही, अरबाब,” तो म्हणाला. “पण मेंढपाळच असणार. आमच्या गावात दुसरं काही नव्हतंच.”

मग बाबा खुर्चीवरून ताडकन उठले.

“अरे गाढवा! तुझ्यासाठी मी रात्रभर जागून स्वप्न पाहिलं, आणि तुला एक राजपुत्र पणजोबा आठवता येत नाही?”

मम्माला आता हसू आवरेना. ती पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. मी मात्र सगळा अबोला विसरून बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

“म्हणजे तुम्हाला पसंत आहे तो! बाबा, पसंत आहे ना?”

“आहे पसंत,” बाबा म्हणाले. “कधीपासून आहे. पोरगा सोन्यासारखा आहे, मला काय डोळे नाहीत?”

“मग हे सोंग कशाला? मला रडवलंत कशाला?”

बाबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खाली बसले. कोटात ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

“सरवर, तू पोरीला गोष्ट सांगितलीस ना? मग पुढचंही सांग. पापकचं काय झालं?”

मम्मानं तोंडातला पदर काढला.

“राज्य त्याचं,” बाबा म्हणाले. “मुलगी त्याची. नातवाला वाढवला त्यानं, शिकवला त्यानं. आणि नाव कुणाचं राहिलं? जावयाचं. चारशे वर्षं सासानी, सासानी, सासानी.”

“अर्देशीरला पापकान म्हणतातच की,” मम्मा हळूच म्हणाली. “पापकचा म्हणून.”

“त्या एकट्याला म्हणतात. घराण्याला कुणी पापकी म्हटलं? नाही ना! आणि तो तर राजा होता. मी कोण? मला मुलगा नाही, गोहर. तू मुंबईला जा नाहीतर इथे राहा, माझं नाव या टेबलाशी संपलं. म्हटलं, संपायचंच असेल तर निदान एखाद्या मोठ्या नावाखाली संपू दे. पापकसारखं. म्हणजे मनाची समजूत तरी घालता येईल.”

इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांना सासानी असल्याचा गर्व आहे. या माणसाला रात्री झोप येत नव्हती ती पापकच्या काळजीनं. मी त्यांच्या गुडघ्याशी बसले. बोलला तो दिनयार. आयुष्यात त्यानं एका वेळी इतकी वाक्यं बोललेली मी तोवर ऐकली नव्हती.

“अरबाब, आमच्याकडे कुणाला मुलगा नसला, तर जावई पुलगुजार होतो.”

“मला शिकवतोस?” बाबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

आमची श्रद्धा अशी, की माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी पहाटे त्याचा जीव चिन्वत नावाचा पूल ओलांडतो. ज्याला मुलगा नाही, त्याच्यासाठी कुणीतरी मुलाच्या जागी उभा राहतो, सगळ्या समाजासमोर त्याचं नाव घेतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्या नावाची प्रार्थना चालू ठेवतो. तो पुलगुजार. त्याला पूल पार करून देणारा.

“मी उभा राहीन,” दिनयार म्हणाला. “तुमचा मुलगा म्हणून. आणि दर वर्षी तुमचं नाव घेईन. माझ्या बापाच्या आधी.”

“आधी?”

“आधी.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला, पण नाक पुसायचं विसरले. “मोठ्यानं घेशील?”

“मोठ्यानं.”

“नाही, म्हणजे नीट ऐकू गेलं पाहिजे. आपली माणसं मागच्या रांगेत बसून गप्पा हाणतात.”

दिनयारनं पायरी उतरून अंगणात पाऊल टाकलं. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या मेंढरांना हाका मारलेला गळा तो! त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, “खोदामुराद बेहमर्द!”

झाडांवरचे कावळे उठले. कुत्री भुंकायला लागली. कुंपणापलीकडून सावे गुरुजी अर्ध्या दाढीच्या साबणासकट धावत आले. “काय झालं? शेठना काय झालं?”

“अरे हळू, हळू, गाढवा!” बाबा ओरडले. “अजून जिवंत आहे मी!”

ते हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मम्मानं गुरुजींना सांगितलं, “काही नाही हो, लग्न ठरलं.” गुरुजी म्हणाले, “मग शेठ रडतायत का?” मम्मा म्हणाली, “त्यांना विचारू नका, ते स्वप्न सांगत बसतील.”

मुंबईच्या पाहुण्यांना बाबांनी दुसऱ्या दिवशी पोटभर जेवू घातलं, चिकूची करंडी दिली आणि गोड बोलून गाडीत बसवलं.

बाबा पुढे खूप जगले. नातवंडांना खांद्यावर घेऊन वाडीत हिंडले, दिनयारला रोज एकदा तरी गाढव म्हणाले, आणि एका हिवाळ्यात खुर्चीत बसल्या बसल्याच शांतपणे गेले. चौथ्या दिवशी पहाटे समाजाच्या हॉलमध्ये सगळे जमले. दस्तुरांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, विचारलं, “यांचा पुलगुजार कोण?” दिनयार उठला. पुढे गेला. तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नुसते ओठ हलले. त्या नावाच्या पुढे ‘मरहूम’, म्हणजे कैलासवासी, म्हणायचं होतं, आणि ते त्याला म्हणवत नव्हतं. आतल्या आत हुंदके देत तो एवढा मोठा माणूस नुसता उभा राहिला.

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मग मी बायकांच्या बाजूनं उठले. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बायकांनी तिथे बोलायची रीतही नव्हती.

“खोदामुराद बेहमर्द,” मी म्हटलं. पार शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

कुजबुज थांबली. दस्तुरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि ते नाव घेऊन प्रार्थना सुरू केली.